कॉलरवाली आणि बाहीवाली

तळवली, घणसोली
१२ जून २०२४

विमल,

नमस्कार. परवा तुला फोन केला होता, तो मीच. तू आपली "कोण? कोण बोलतंय?" करत राहिलीस आणि मी "अरुणा, अगं अरुणा" ओरडत राहिले. शेवटी वरच्या मजल्यावरची भाडेकरीण खाली डोकावून गेली, म्हातारीला काय झालं म्हणून. सव्वीस वर्षं मशीनच्या घरघरीत काढली, त्यात तुझे कान गेले आणि माझा आवाज वाढला. तेव्हा आता पत्रच बरं. पोस्टातली बाई म्हणाली, स्पीड पोस्ट करायचं का? म्हटलं, साधंच द्या, घाई कुणाला आहे.

कंपनीचं शटर ओढलं त्याला तीन महिने होत आले. तू दुसऱ्याच आठवड्यात बोचकं बांधून गावी गेलीस, बरं केलंस. दिघ्याच्या बायका पॅकिंगला लागल्या. मी विचारायला गेले तर तिथला माणूस म्हणाला, "आजी, आराम करा आता." मला आजी म्हणाला, विमल. डोक्याला मेंदी लावून गेले होते तरी.

आराम करून करून अंग दुखायला लागलंय. सकाळी सातला जाग येते, डबा भरावासा वाटतो. एकदा भरलासुद्धा. बारा वाजता इथेच पायरीवर बसून खाल्ला.

निखिल म्हणतो, खोली सोड आणि हैदराबादला ये. चांगलाच आहे गं पोरगा, सूनही चांगली. पण दोघं सकाळी जातात ते दिवेलागणीला येतात. बाराव्या मजल्यावर दिवसभर मी आणि फ्रिज. मागे पंधरा दिवस राहून आले तेव्हा फ्रिजची घरघर थांबली की मला चुकल्यासारखं व्हायचं. याच महिन्यात घरमालक धर्मराजशेठनी खोलीचा करार पुढच्या एप्रिलपर्यंत नवा केला. निखिलशी तेवढंच ठरलंय. एप्रिलपर्यंत माझं काही बस्तान बसलं तर राहीन, नाहीतर हैदराबाद.

मनात येतं, स्वतःचंच काहीतरी सुरू करावं. शेठाणीच्या माळ्यावर एक पायमशीन पडून आहे, ती म्हणते घ्या. ओटाही वापरा म्हणते. आपला हात जगन्नाथ म्हणतात. पण तुला म्हणून सांगते, दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही. मी जन्मात एक अख्खा सदरा शिवलेला नाही. मी कॉलरवाली. माझ्या पुढचीने खांदे जोडून बंडल मागे सरकवायचं, मी कॉलर बसवायची, मागे तुझ्याकडे टाकायचं, तू बाह्या लावायच्या. पुढे त्या सदऱ्याचं काय व्हायचं ते देव आणि सुपरवायझर जाणे. लोक म्हणतात, सव्वीस वर्षं शिवणकाम केलंत, तुम्हाला काय कठीण. त्यांना काय सांगू?

तू सांग, करू की नको?

तुझी
अरुणा

ता.क. लाइन बंद झाली त्या दिवशी मी तुला म्हटलं होतं, गावी कशाला जातेस, माझ्याकडे राहा. तू नको म्हणालीस. तुझंच बरोबर होतं. गावी तुझी माणसं आहेत.

*

मु. पो. साखरपा
२४ जून २०२४

अगो अरुणे,

पत्र पोचलं. दोनदा वाचलं. एकदा मनात, एकदा मोठ्याने, कोंबड्यांना.

सुरू कर. माझं मत विचारलंस ना? मग सुरू कर. कॉलर ही सदऱ्याची सगळ्यात अवघड जागा. जिला कॉलर जमते तिला बाही न जमायला काय झालं? बाही म्हणजे काय, पाइप. मी सांगते हो, सव्वीस वर्षं पाइपच लावले. ब्लाऊजपासून धर, जुना ब्लाऊज उसव आणि त्यावर बेत. पाटी मोठी लाव. लाजलीस की मेलीस.

माझं छान चाललंय. घरात नुसता गलबला. पुतण्या विलास, त्याची बायको, पोरं, येणारेजाणारे. भाकऱ्या थापता थापता दिवस जातो. काजूचं झालं, आता फणस. तू फोनवर होतीस ते नंतर कळलं गो, या गलबल्यात काही ऐकू येत नाही.

तुझ्या डब्यातलं पिठलं आठवतं. तू घाटावरची, तुला रीतच माहीत नाही. पहिल्या दिवशी मला विचारलंस, "पिठलं घेणार?" मी आपलं "नको" म्हटलं, आणि तू खुशाल सगळं संपवलंस, बोट फिरवून. मी बघतच राहिले. आमच्याकडे पहिलं नको म्हणजे नुसतं नमस्कार केल्यासारखं असतं. दुसऱ्यांदा विचारलं की मग माणूस ताट पुढे करतो. चार वर्षं तुझं पिठलं मला मिळालं नाही. मग शिकले, सरळ हात घालायचा.

दुकानाला नाव काय देणार ते कळव.

विमल

*

तळवली
२० सप्टेंबर २०२४

विमल,

गणपती झाले, पाऊस सरत आला. मध्ये पत्र नाही लिहिलं कारण कामात होते. म्हणजे कामच सुरू झालंय.

ओट्यावर मशीन मांडलं. पाटी धर्मराजशेठच्या हितेशने कॉम्प्युटरवर काढून दिली, पिवळ्यावर लाल अक्षरं, "अरुणा लेडीज अँड जेंट्स, सर्व प्रकारचे शिवणकाम." सर्व प्रकारचे हे त्याने स्वतःच घातलं. मी म्हटलं, अरे सर्व प्रकारचं मला कुठे येतं? तर म्हणाला, "काकी, पाटीवर सगलेच सर्व लिवतात."

गिऱ्हाईक आहे. दुपारी जरा सामसूम असते. सकाळीही फार गर्दी मला नकोच असते. एका बाईने ब्लाऊज टाकला होता, तिला घाई होती म्हणून ती कापड तसंच परत घेऊन गेली. एकदोन जणी पत्ता विचारायला थांबतात त्यांच्याशी बोलणं होतं. गावदेवीच्या देवळाकडे कुठून जायचं ते मी आता झोपेतही सांगीन.

मशीन आधी भिंतीकडे तोंड करून ठेवलं होतं. मग रस्त्याकडे केलं. रस्ता तरी हलतो. सवयीने अजून मान वर करून पुढच्या मशीनवरच्या बाईची वेणी शोधते. समोर शेठचा टेम्पो उभा असतो.

निखिलला सांगितलं, जोरात चाललंय. तो म्हणाला, मग एकदा फोटो पाठव गिऱ्हाइकांचा. पाठवीन म्हटलं.

तुझ्याकडे फणस संपले असतील. घरच्या सगळ्यांना नमस्कार. गलबल्यात राहायला मिळतं, नशीब लागतं.

अरुणा

*

साखरपा
५ नोव्हेंबर २०२४

अरुणे,

दिवाळी झाली. तुझ्या धंद्याचं वाचून फार बरं वाटलं. आता तू कामातली बाई, तुला लांबलचक पत्रं वाचायला वेळ कुठला? म्हणून आटोपतं घेते. अक्षर वाकडं आलंय, पेन खराब आहे.

फराळाचं फार केलं नाही. चकल्या माझ्यापुरत्या चार केल्या. सोऱ्या दाबवत नाही आताशा.

तू खूश आहेस ना? मग झालं तर.

विमल

*

तळवली
१५ जानेवारी २०२५

विमल,

काल संक्रांत झाली. तिळगूळ या पाकिटात घातला असता तर पोस्टवाल्यांनी खाल्ला असता, म्हणून शब्दांतच घे.

मी तुझ्याशी खोटं बोलले. काही चाललेलं नाही गं. सहा महिन्यांत दोन उशांचे अभ्रे आणि एका पडद्याची दुमड, ती पण शेठाणीची. तो ब्लाऊज घाईमुळे परत नव्हता गेला. मी कापायला घेतला आणि कात्री हातात धरून बसले, कुठून कापायचं कळेना. बाई आली तेव्हा खोटंच सांगितलं की ताप आला होता.

आता खरं संकट ऐक. हितेशची हळद फेब्रुवारीच्या पंधरा तारखेला आहे. इथल्या आगऱ्यांत हळद म्हणजे लग्नाहून मोठी. घरातले सगळे बापे एकाच कापडाचे सदरे घालून नाचतात. धर्मराजशेठ स्वतः ओट्यावर आले. म्हणाले, "अरुनाबाय, बाजारात कशाला जायाचं, घरची टेलर हाय आमची. काय?" मागे शेठाणी हसत उभी. विमल, मला किती बरं वाटलं म्हणून सांगू, घरची म्हणाले. मी हो म्हणून बसले.

दुसऱ्या दिवशी सगळे बापे मापाला आले. काका, मामा, चुलतभाऊ, पंचवीसेक तरी असतील. ओटा भरून गेला. कुणी बिडी ओढतोय, कुणी माझ्या मशीनला हात लावून बघतोय, थट्टामस्करी चाललीये. शटर ओढल्यापासून एवढी माणसं माझ्याजवळ आली नव्हती. मी टेप घेतला आणि भराभर मापं घेतली. एकेकाची मान मोजली, नाव लिहिलं, पुढचा. धर्मराजशेठ म्हणाले, "अरुनाबाय, नुसत्या माना मोजता, फाशी देतांव का आमाला?" सगळे हसले, मीही हसले. वाटलं, थट्टा करतायत.

मग चार दिवस मी जी बसले ती उठले नाही. कॉलरीत घालायचं कडक बकरम कापलं, कॉलरी शिवल्या, टोकं काढली. आपल्या लाइनीतसुद्धा इतक्या सुरेख कॉलरी झाल्या नसतील. शेवटची झाली, गठ्ठा बांधला आणि सवयीने न बघता मागे टाकला, तुझ्याकडे.

तो फरशीवर पडला.

त्या आवाजाने मी मागे वळून बघितलं. मागे भिंत. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी छाती मोजली नाही, खांदा नाही, हात नाही, लांबी नाही. नुसत्या माना मोजल्या. पंचवीस माणसांच्या कॉलरी तयार आणि माणसांचा पत्ता नाही. बाकीचं कापड घडी मोडल्याविना तसंच पडलंय.

तू असतीस तर. पंधरा दिवसांसाठी येशील का? बाह्या तू घे. पुढचे-मागचे भाग दोघी मिळून कसे तरी करू. शेठना तोंड कसं दाखवू? हे जमलं नाही तर इथे राहायला तोंडच उरणार नाही, मग एप्रिलची वाटसुद्धा बघायला नको.

अरुणा

*

साखरपा
२२ जानेवारी २०२५

अरुणे,

मला यायला जमायचं नाही. इथलं घर सोडून कशी येऊ? तुझ्याकडे नको, तुला उगाच माझी अडचण.

शेठाणीला खरं सांग. आजच सांग. बाकीचं कापड कापलं नाहीस ना? मग काही बिघडलेलं नाही. कापल्यावर सांगितलं असतंस तर बिघडलं असतं. माना मोजल्यास ते वाचून मी हसले, रागावू नको. पोट दुखेपर्यंत हसले. खूप दिवसांनी.

विमल

*

तळवली
२ मार्च २०२५

विमल,

तुझं "जमायचं नाही" वाचून दोन दिवस पाकिटाला हात लावला नाही. मग म्हटलं, बरोबर आहे. भरलं घर सोडून बाई एका रिकाम्या ओट्यावर कशाला येईल.

शेठाणीला सांगितलं. ती मासळी साफ करत होती. मी उभ्या उभ्या सगळं बोलून टाकलं, डोळ्याला पदर लावून. तिने कोयत्यावरची नजर उचलली नाही. "शिवाला येत नव्हतं तं पयलेच सांगाचं व्हतं ना, बाय. डोले पुस, त्यात रराचं काय? आमचे बापे काय उघरे नाचनार हायत?" असं म्हणून हात धुतले, कापड काखेत मारलं आणि मला घेऊन घणसोलीच्या बाजारात जोतीराम टेलरकडे निघाली. वाटेत भेटेल त्याला सांगत होती, "हिने माना मोजल्यान, बाकीचं माप वारा घेऊन गेला." मी जमिनीत शिरायची बाकी होते. पण बघ, ती सांगत होती तसं लोक हसत होते, आणि हसलेला माणूस मग "कुठे राहता काकू?" म्हणून विचारायचाच.

जोतीराम म्हणजे साठीचा माणूस, लातूरकडचा, गळ्यात टेप, तोंडात सुपारी. आधी करवादला. ऐन लगीनसराईत पंचवीस सदरे आणता, मी काय जादूगार आहे? मग मी भीत भीत कॉलरीचा गठ्ठा पुढे केला. त्याने एक उचलली. टोक बोटाने दाबून पाहिलं, उजेडाला धरली, दुसरी उचलली. मग सुपारी थुंकून आला आणि म्हणाला, "या तयार आहेत? सगळ्या? मग होतील. कॉलरीतच माझा निम्मा जीव जातो." आणि झाले. सगळे बापे पुन्हा मापाला गेले, आणि त्याने आणि त्याच्या कारागिराने सदरे शिवले. मी रोज जाऊन कॉलरी बसवल्या. पहिला सदरा पुरा होऊन हँगरला लागला तेव्हा मी त्याच्यासमोर उभी राहिले. सव्वीस वर्षांत आपण शिवलेल्यापैकी एकही सदरा मी असा लटकलेला बघितला नव्हता.

आता जोतीराम त्याच्याकडच्या कॉलरी माझ्याकडे धाडतो. शिवाय मी पाटी बदलली. हितेशला सांगून "सर्व प्रकारचे" पुसलं. आता लिहिलंय, "झिजलेली कॉलर उलटून मिळेल." आपण घरच्यांच्या सदऱ्यांची करायचो ना, वरची बाजू झिजली की कॉलर उसवून उलटी बसवायची, सदरा पुन्हा नवा. मला वाटलं, आता कोण करतं, लोक टाकून देतात. पण येतात गं. वॉचमन येतात, त्यांना युनिफॉर्म एकदाच मिळतो. ड्रायव्हर येतात. पुढच्या सेक्टरमधले एक रिटायर बाबा आले, म्हणाले, हा सदरा मला सोडवत नाही. का ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. बसून राहिले काम होईपर्यंत. दुसऱ्या आठवड्यात दुसरा सदरा घेऊन आले. त्याची कॉलर चांगली धडधाकट होती. मी तरी उलटून दिली.

फार काही नाही, पण माझं पोट त्यावर चालेल. निखिलला फोटो पाठवला. गिऱ्हाइकाचा नव्हे, पाटीचा. तो म्हणाला, आई, एवढंच काम? म्हटलं, हो, एवढंच येतं.

आता मुख्य गोष्ट. हे लिहायला मी आठ दिवस घेतले.

हळदीला मी गेले होते. मांडवात सगळे बापे ओळीने नाचत होते, निळे सदरे, माझ्या कॉलरी ताठ. धर्मराजशेठनी नाचता नाचता मला बघून मानेला बोट लावलं आणि डोळा मारला. त्यांच्याही वयाला शोभेना, पण असो. मग पंगत बसली. तांदळाच्या भाकऱ्या, मटण. मला भूक अशी लागली होती, सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. धर्मराजशेठची नमिता वाढायला आली. "काकी, मटण वाढू?" मी परक्या घरची बाई, एकदम ताट पुढे कशी करणार? म्हटलं, "नको गं." ती "बरं" म्हणाली आणि पुढे गेली.

विमल, ती पुढे गेली. तिचं काही चुकलं नाही, तिच्यामागे शंभर माणसं होती. मी कोरडी भाकरी मोडत तिच्या पाठीकडे बघत बसले. ती एकदा मागे वळेल, "थोडं तरी घ्या काकी" म्हणेल, म्हणून थांबले. चारी बाजूंनी माणसं, गाणी, हसणं, आणि मी एकटी. तिथे मला तुझ्या पत्रातलं पिठलं आठवलं. आणि मग दुसरंही आठवलं.

शटर ओढलं त्या दिवशी, गेटवर, मी म्हटलं होतं, "माझ्याकडे राहा." तू म्हणालीस, "नको." मी "बरं" म्हटलं आणि रिक्षात बसले. मागे वळून पाहिलं नाही.

घरी येऊन तुझी सगळी पत्रं काढली. भरल्या घरात बाई चकल्या माझ्यापुरत्या म्हणून करत नाही. आणि पत्र कोंबड्यांना वाचून दाखवत नाही.

तेव्हा मी तुला दुसऱ्यांदा विचारते. माझ्याकडे राहायला ये. पंधरा दिवस नाही, कायमची. खोली लहान आहे, पण दोन खाटा मावतात. मी खाटेची लांबी-रुंदी दोन्ही मोजली, नुसती उशी नाही मोजली.

अरुणा

*

साखरपा
१४ मार्च २०२५

अरुणे,

होळी झाली. इथे वाडीतली माणसं पालखीमागे गेली, मी पायरीवर बसून तुझं पत्र पुन्हा वाचलं. तुला उशीर झाला, पण पोचलीस.

घरात कुणी नाही गो. विलास मी यायच्या आधीच बायकापोरांना घेऊन कोल्हापूरला गेला, तिकडे कारखान्यात लागला. मला माहीत नव्हतं. येऊन कुलूप बघितलं, किल्ली शेजारच्या शेवंतीकडे होती. तुला कळवणार होते. पण तू लिहिलंस, गावी तुझी माणसं आहेत. मग म्हटलं, असू देत. सहा खोल्या आहेत, एकीत राहते, पाच बंद. कान गेल्यामुळे एक बरं आहे, रात्रीबेरात्री घर वाजलं तरी ऐकू येत नाही.

तू पंधरा दिवस बाह्यांना बोलावलंस तेव्हा मी पिशवी काढली होती. मग परत ठेवली. अरुणे, माझा उजवा हात आता थरथरतो. पेन खराब नव्हतं. देवरुखचे डॉक्टर म्हणाले, हे असं राहणार, गोळ्यांनी थोडं कमी होईल. सुईत दोरा जात नाही. शिवण सरळ येत नाही. बाहीवालीला बाही लावता येत नाही, मग तू मला घेऊन करणार काय? तुझा धंदा आत्ता कुठे उभा राहतोय. त्यात मी बसून खाणार. लोक विचारतील, ही कोण? काय सांगशील?

म्हणून नको. विचारलंस, भरून पावले.

विमल

*

तळवली
२३ मार्च २०२५

विमल,

बाहीवाली कुणाला हवीये? बाह्या जोतीराम लावतो, आणि तुझ्याहून बऱ्या लावतो. तुझी डावी बाही कायम चुणीत यायची, मी सव्वीस वर्षं बोलले नाही.

मला मागे कुणीतरी हवंय. कॉलर झाली की मी ती मागे टाकते, सवय जात नाही. रोज फरशीवरून उचलून झटकावी लागते. तू मागे बस. उचलायची, लोंबते धागे कापायचे, घडी घालायची. धागे कापायला हात थरथरला तर काय होतं? फार तर फार एखादी कॉलर कापशील. मी दुसरी करीन. मला तेवढंच येतं.

हो, धागेकापणी म्हणजे हेल्परचं काम. लाइनीतली सीनियर ऑपरेटर आणि उतारवयात हेल्पर. नाक मुरडायचं तर इथे येऊन मुरड.

लोकांनी विचारलं ही कोण, तर मी सांगणार, ही मागच्या मशीनवरची. ज्याला कळायचं त्याला कळेल.

धर्मराजशेठ करार नवा करायला आले होते. मी निखिलला आधीच फोन करून टाकला, यायची नाही म्हणून. तो म्हणाला, बरं, मी येईन मे महिन्यात, माझ्या दोन शर्टांच्या कॉलरी झिजल्यात. शेठ म्हणाले, एकीचा करार करू का दोघींचा? शेठाणी आतून ओरडली, "दोगींचा करा, हिला एकटीला मोजताच येत नाय." तेव्हा तुझं पूर्ण नाव हवंय.

तिसऱ्यांदा विचारते आहे. घाटावरची असून.

अरुणा

*

साखरपा
२ एप्रिल २०२५

अरुणे,

नको गो. उगाच तुला त्रास.

नाव विमल सखाराम घाणेकर. घाणेकरमधला ण नीट काढायला सांग, नाहीतर हितेश पाटीवर काढतो तसं काहीतरी काढील.

कोंबड्या शेवंतीला दिल्या. घराची किल्लीही तिच्याकडेच दिली आहे, ज्या खिळ्यावर होती त्याच खिळ्यावर. अक्षय्य तृतीयेच्या आधीच्या शनिवारी सकाळची गाडी आहे. ती वाशीला थांबते की नुसती पनवेलला, ते कंडक्टरला विचारलं होतं, पण त्याने काय सांगितलं ते ऐकू आलं नाही. तू चौकशी करून कळव.

धागे कापायची कात्री माझी मी आणते. तुझी बोथट असणार.

विमल